मॅकिनॉ बेटावर मुक्काम करायचा असेल तर: खोली, बोट, सायकल आणि पैसे

मॅकिनॉला सकाळी जाऊन संध्याकाळच्या बोटीने परतणाऱ्यांच्या तक्रारी ठरलेल्या असतात. गर्दी फार, सगळं महाग आणि रस्ताभर घोड्यांच्या लिदीचा वास. तिन्ही तक्रारी खऱ्या आहेत, पण त्या साधारण साडेदहा ते पाच या वेळातल्या बेटाच्या आहेत. पाचनंतर दिवसभराची मंडळी धक्क्यावर रांगा लावून निघून जातात आणि दुसऱ्या दिवशी पहिल्या भरलेल्या बोटी लागेपर्यंत बेट मोकळं असतं. इथल्या खोलीला जे जास्तीचे पैसे पडतात ते या दोन मोकळ्या तुकड्यांचे. खोली कुठे घ्यायची, बोट किती वाजताची धरायची, सायकल कधी काढायची, हे सगळं या हिशोबाने ठरवलं तर पैसे वसूल होतात. दुपारी दोनला पोहोचून दुसऱ्या दिवशी अकराला निघायचं असेल, तर मुख्य भूमीवर स्वस्तात राहून दिवसभराची फेरी करणं बरं.

आधी एक साधा घोटाळा टाळा. मिशिगनमध्ये एकाच उच्चाराच्या दोन जागा आहेत: मॅकिनॉ सिटी हे मुख्य भूमीवरचं गाव आणि मॅकिनॉ आयलंड हे ह्युरॉन सरोवरातलं, मोटारींना बंदी असलेलं बेट. इंग्रजी स्पेलिंगमध्ये शेवटचं अक्षर तेवढं वेगळं. बुकिंगच्या साइटवर दोन्हीकडची हॉटेलं एकाच यादीत येतात. ‘बेटापासून १५ मिनिटं’ असं लिहिलेलं हॉटेल बेटावर नाही, हे लक्षात ठेवा. पत्त्यात ‘आयलंड’ हा शब्द दिसल्याशिवाय पैसे भरू नका.

डेट्रॉइटहून मॅकिनॉ सिटी साधारण २९० मैल, म्हणजे न थांबता साडेचार तास. शिकागोहून ४०० मैलांच्या आसपास, सहा-साडेसहा तास. शिकागोकरांचा इथे एक तास जातो, कारण मिशिगनचा हा भाग पूर्वेकडच्या वेळेवर चालतो. सहाची बोट गाठायला निघालेले लोक धक्क्यावर येतात तेव्हा तिथे सात वाजलेले असतात. उन्हाळ्यात पुढची बोट मिळते. मे किंवा ऑक्टोबरमध्ये ती शेवटची असू शकते.

कधी जावं

हंगाम मेच्या सुरुवातीला सुरू होतो आणि ऑक्टोबरअखेर बहुतेक हॉटेलं बंद होतात. जूनच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात लायलॅक फुलतात आणि त्यांचा दहा दिवसांचा उत्सव असतो. फोर्ट मॅकिनॉ या किल्ल्याच्या पायथ्याशी मार्क्वेट पार्कमध्ये आणि जुन्या घरांच्या अंगणांत झाडांएवढी वाढलेली लायलॅकं आहेत. मात्र थंडी लांबली की फुलं उत्सवाच्या तारखा पाळत नाहीत. फुलांसाठीच जायचं असेल तर उत्सवाचा उत्तरार्ध धरा.

जुलैमध्ये दोन शनिवार-रविवार जपून. शिकागो ते मॅकिनॉ ही ३३३ मैलांची शिडाच्या बोटींची शर्यत आणि पोर्ट ह्युरॉनकडून येणारी दुसरी, या दोन्हींचा शेवट इथेच होतो. शर्यत पाहण्यासारखी असते. पण त्या दिवसांत बंदराजवळच्या खोल्या महिनोन् महिने आधी गेलेल्या असतात आणि रात्रभर जल्लोष चालतो. लहान मुलं किंवा वडीलधारी बरोबर असतील तर त्या तारखांवर काट मारा.

आमच्या मते सर्वांत चांगला काळ म्हणजे लेबर डेनंतरचे (सप्टेंबरचा पहिला सोमवार) तीन आठवडे. शाळा सुरू झालेल्या असतात, मधल्या वारी दर उतरतात, सगळी दुकानं मात्र चालू असतात. खुद्द लेबर डेला सकाळी मॅकिनॉ सिटी आणि उत्तरेकडचं सेंट इग्नस गाव यांना जोडणाऱ्या मॅकिनॉ पुलावर पदयात्रा असते आणि त्या वेळात पूल गाड्यांना बंद ठेवतात. उत्तरेकडून येणार असाल तर तो सोमवार टाळा. ऑक्टोबरच्या पूर्वार्धात पानांचे रंग सुंदर असतात, पण वारा बोचतो आणि बोटींच्या फेऱ्या कमी होतात.

हिवाळ्यातलं बेट हा वेगळाच विषय आहे. घोडे बहुतांश मुख्य भूमीवर नेलेले असतात, बेटावर स्नोमोबाइल चालतात, सरोवर गोठलं की सेंट इग्नसहून छोट्या विमानाने जावं लागतं. पहिल्या भेटीसाठी नको.

खोली कुठे घ्यावी

बेट लहान आहे, चार चौरस मैलांच्या आत. तरी खोली दोनशे पावलं इकडे की तिकडे याने रात्रीची झोप ठरते. मेन स्ट्रीटवर, म्हणजे धक्क्यांसमोरच्या रस्त्यावर राहिलं की सगळं हाताशी. मात्र बार रात्री दोनपर्यंत चालतात आणि पहाटे मालवाहू घोडागाड्या सुरू होतात. डांबरी रस्त्यावर दोन जाडजूड घोड्यांच्या नालांचा आवाज सकाळी सहाला गोड वाटेलच असं नाही. रस्त्याकडच्या खोलीला ‘व्ह्यू’ म्हणून जास्त पैसे लावतात. आमचा सल्ला उलटा आहे: मेन स्ट्रीटवर राहायचंच असेल तर मागची किंवा सरोवराकडची खोली मागा.

एक गल्ली मागे मार्केट स्ट्रीट आहे. तिथली छोटी इन आणि बेड अँड ब्रेकफास्ट शांत आहेत, आणि धक्का तरीही पाच-सात मिनिटांवर. पैशाच्या मानाने हा पर्याय आम्हाला सर्वांत पटतो. पण ही घरं एकोणिसाव्या शतकातली, लाकडी आणि अरुंद जिन्यांची. बुकिंगआधी पाच प्रश्न फोनवर विचाराच: लिफ्ट आहे का, एसी आहे का, बाथरूम खोलीतच आहे ना, धक्क्यावरून सामान आणायला माणूस येतो का, आणि तबेला किती जवळ आहे. शेवटचा प्रश्न ऐकून पलीकडचा माणूस हसेल, पण उत्तर देईल. उन्हाळ्यात खिडकी उघडी ठेवून झोपायचं असेल तर वाऱ्याची दिशा आणि तबेला यांचं गणित महत्त्वाचं आहे.

पूर्वेकडे पाण्याच्या कडेने चालत गेलं की आधी १८५२ चं आयलंड हाउस लागतं आणि आणखी पुढे मिशन पॉइंट रिसॉर्ट. मिशन पॉइंट गावापासून चालत दहा-पंधरा मिनिटांवर आहे आणि हे अंतर म्हणजेच त्याचा फायदा. मोठं हिरवळीचं मैदान, त्यावर पाण्याकडे तोंड केलेल्या लाकडी खुर्च्या, मुलांना पळायला जागा. इमारतींचा इतिहासही गमतीदार आहे. मॉरल री-आर्मामेंट या चळवळीने १९५० च्या दशकात त्यांचा बराच भाग बांधला, पुढे १९६६ ते १९७० तिथे एक कॉलेज चाललं, मग हॉटेल झालं. मुलं बरोबर असतील तर आमची पहिली पसंती हीच. गावाच्या दुसऱ्या टोकाला इरोक्वॉ हॉटेल आहे. समोर राउंड आयलंडचं लाल-पांढरं दीपगृह दिसतं. खोल्या थोड्या, दर चढे, आणि जोडप्यांसाठी जागा उत्तम.

डोंगरावरची, गावापासून लांबची हॉटेलं फोटोत फार सुरेख दिसतात. तिथून गावात येणं म्हणजे उतार आणि परत जाणं म्हणजे चढ, दर वेळी. घोड्यांची टॅक्सी माणशी आणि अंतराच्या टप्प्यांनुसार पैसे घेते. चार जणांच्या कुटुंबाने दिवसातून दोन वेळा येजा केली की खोलीत वाचलेले पैसे टॅक्सीत गेले. हॉटेलची स्वतःची गाडी असेल तर तिच्या वेळा विचारून घ्या.

दराबद्दल एक सूचना. साइटवर दिसणारा आकडा शेवटचा नसतो. त्यावर राज्याचा ६ टक्के कर, स्थानिक आकारणी, आणि काही ठिकाणी रिसॉर्ट फी किंवा सामान हाताळण्याचा आकार चढतो. शनिवार-रविवारी दोन रात्रींची अट सर्रास असते. एकच रात्र हवी असेल तर रविवार ते गुरुवार बघा. रविवारची रात्र विशेष चांगली, कारण दुपारी निम्मं बेट रिकामं होतं.

ग्रँड हॉटेल घ्यावं का

हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो. दोन रेल्वे कंपन्या आणि एका आगबोट कंपनीने मिळून १८८७ मध्ये उघडलेलं हे लाकडी हॉटेल, ६६० फूट लांबीची ओसरी, पांढरे खांब, ओळीने मांडलेल्या झुलत्या खुर्च्या आणि कडेने लाल जिरेनियमच्या कुंड्या. खोल्या एकीसारखी दुसरी नाही, आणि गोम तिथेच आहे. एकाच हॉटेलात एक खोली मोठी, पाण्याकडे तोंड असलेली मिळते आणि दुसरी मागच्या बाजूची, लहान, गडद फुलांच्या वॉलपेपरची. ‘सर्वांत स्वस्त उपलब्ध खोली’ घेतली तर ही दुसरी मिळण्याची तयारी ठेवा.

दरात न्याहारी आणि रात्रीचं अनेक पदार्थांचं जेवण धरलेलं पॅकेज इथे नेहमीचं आहे. त्यामुळे आकडा बघून दचकू नका, पण तुलना करताना जेवण वेगळं काढून बघा. घरातले निम्मे लोक शाकाहारी आणि मुलं कमी खाणारी असतील, तर पाच पदार्थांच्या जेवणाचे पैसे अंगावर येतात. शाकाहारी पर्याय मिळतो. तो आदल्या दिवशी सांगून ठेवला तर नीट मिळतो, ऐन वेळी सांगितला तर बाजूच्या भाज्या एका ताटात येतात.

संध्याकाळी साडेसहानंतर पोशाखाचा नियम आहे आणि तो खरोखर पाळला जातो: पुरुषांना कोट, बायकांना ड्रेस, स्कर्ट किंवा चांगली पँट. हा नियम फक्त भोजनगृहाला नाही, ओसरी आणि दिवाणखान्यालाही आहे. जीन्स आणि टी-शर्टवर सायकल फिरवून सातला परत आलात तर थेट खोलीतच जावं लागतं. ज्यांना नटून जेवायला आवडतं त्यांच्यासाठी ही मजा आहे, ज्यांना कंटाळा येतो त्यांनी इथे राहूच नये.

नुसती ओसरी पाहायची असेल तर बाहेरच्यांना शुल्क भरून आत जाता येतं. त्याऐवजी दुपारचं बुफे जेवण घ्यावं. भरपूर असतं, शाकाहाऱ्यांना निवडीला वाव असतो, आणि ओसरीवर बसणं त्यात येतं. आमचं मत विचाराल तर मुक्काम दुसरीकडे आणि एक दुपार ग्रँडमध्ये, हा सौदा बहुतेक कुटुंबांना फायद्याचा.

बोट आणि सामान

बोटी दोन ठिकाणांहून सुटतात: पुलाच्या दक्षिणेला मॅकिनॉ सिटी आणि उत्तरेला सेंट इग्नस. दक्षिणेकडून येणाऱ्याला पूल ओलांडायची गरज नाही. १९५७ साली खुला झालेला तो पाच मैलांचा झुलता पूल पाहायचाच असेल तर गाडीला ४ डॉलर टोल भरून पलीकडे जा आणि सेंट इग्नसहून बोट धरा. तिथे गर्दी आणि पार्किंगची ओढाताण कमी असते. मॅकिनॉ सिटीहून सकाळच्या काही ठरावीक फेऱ्या पुलाखालून वळसा घालून जातात. त्याचं वेगळं तिकीट नसतं, वेळापत्रकात खूण केलेली असते.

सामानाची पद्धत पहिल्यांदा गोंधळात टाकते, म्हणून क्रमाने सांगतो. धक्क्याच्या आवारात शिरलं की गाडी आधी सामान उतरवायच्या रांगेत लावा, पार्किंगमध्ये नाही. तिथला माणूस विचारतो: हॉटेल कोणतं, नाव काय. प्रत्येक बॅगेला हॉटेलच्या नावाचा टॅग लागतो. रात्रभराच्या पार्किंगची चिठ्ठी तिथेच घ्या. गाडी लांबच्या मैदानात लावायची असेल तर तिथून धक्क्यापर्यंत शटल असते. या सगळ्याला अर्धा-पाऊण तास जातो, बोटीच्या वेळेआधी तेवढा हाताशी ठेवा. बोट पंधरा-वीस मिनिटांत बेटावर पोहोचते. उतरल्यावर बॅगा शोधत उभं राहायचं नाही. हॉटेलचे पोर्टर त्या उचलून सायकलच्या पुढच्या मोठ्या टोपलीत रचतात. सात-आठ बॅगांची उतरंड हँडलवर तोलत, मान बाजूला काढून, गर्दीतून घंटी वाजवत जाणारी ही पोरं म्हणजे बेटावरचं खरं कसब. प्रत्येक बॅगेमागे दोन-तीन डॉलर टिप द्यावी.

चुकतं कुठे? पहिलं, हॉटेलचं नाव अर्धवट सांगितलं जातं. बेटावर ‘इन’ आणि ‘हाउस’ शेपटीला लावलेली डझनभर नावं आहेत. कन्फर्मेशनचा कागद किंवा फोनवरचं पान दाखवा. दुसरं, बॅगा उघड्या गाड्यांवरून जातात, पाऊस आला तर भिजतात. कपडे आतून प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा. तिसरं, खोली तीन-चारनंतरच मिळते आणि बॅगही तेव्हाच. औषधं, चार्जर, स्वेटर, मुलांचा खाऊ, दुधाची बाटली हे पाठीवरच्या पिशवीत असू द्या. खूप छोट्या घरांना स्वतःचा पोर्टर नसतो, तिथे टॅक्सीने सामान न्यावं लागतं.

चाकं आणि खूर

गावाने १८९८ मध्ये मोटारींना बंदी केली, कारण घोडे बुजत होते. १९०१ मध्ये बेटावरच्या राज्य उद्यानाच्या भागातही ती लागू झाली. ॲम्ब्युलन्स, अग्निशमन आणि पोलीस यांची वाहनं आहेत, बाकी कचऱ्यापासून पार्सलपर्यंत सगळं घोड्यांवर. १९७५ मध्ये अध्यक्ष फोर्ड आले तेव्हा घोडागाडीतूनच फिरले. २०१९ मध्ये उपाध्यक्ष पेन्स यांच्यासाठी मोटारींचा ताफा उतरवला गेला, तर त्यावर केवढा गदारोळ झाला.

विजेच्या सायकली घेऊन येणाऱ्यांनी लक्षात घ्यावं: चालण्या-फिरण्याचं अपंगत्व असलेल्यांना पेडल मारल्यावरच चालणारी पहिल्या वर्गाची ई-सायकल चालते, बाकीच्यांना ई-सायकल किंवा ई-स्कूटर नाही. साधी सायकल बोटीवर थोड्या जादा पैशांत येते. माणसं तीन-चार आणि मुक्काम दोन रात्रींचा असेल तर घरची आणणंच स्वस्त, कारण इथलं भाडं ताशी असतं आणि तास पटकन चढतात. एकाच दिवसापुरती हवी असेल तर भाड्याची ठीक. मात्र दुकानातून निघण्याआधी तीन गोष्टी तपासा: दोन्ही ब्रेक, गियर खरंच बदलतात का, आणि चिखलरोधक पट्ट्या आहेत का. शेवटची चैनीची गोष्ट वाटेल. पाऊस पडून गेल्यावर रस्त्यावरच्या लिदीचं पाणी होतं, आणि बिनपट्टीचं चाक ते सरळ तुमच्या पाठीवर काढतं. माथेरान ज्यांनी पावसात पाहिलं आहे त्यांना जास्त सांगायला नको.

बेटाला वेढणारा रस्ता म्हणजे एम-१८५, अमेरिकेतला मोटारी नसलेला राज्य महामार्ग. लांबी सुमारे ८ मैल, जवळजवळ सपाट. न थांबता सव्वा तास, मुलांबरोबर दोन-अडीच. गावातून पूर्वेकडे निघा. म्हणजे पाणी सतत उजव्या हाताला राहतं आणि उजवीकडून चालवताना मध्ये कोणी येत नाही. दीड मैलाच्या आत डावीकडे आर्च रॉक या नैसर्गिक दगडी कमानीचा जिना लागतो, २०७ पायऱ्या. साधारण अर्ध्या वाटेवर ब्रिटिश लँडिंग, तिथे स्वच्छतागृह आणि हंगामात खाण्याची सोय. पुढे पश्चिम किनाऱ्यावर वारा तोंडावर येऊ शकतो, तेव्हा पाणी आणि दम दोन्ही शिल्लक ठेवा. ही फेरी सकाळी सातला करा. त्या वेळी रस्त्यावर तुम्ही, दोन-चार धावणारे आणि बदकं. हीच फेरी दुपारी बाराला म्हणजे नवशिक्या सायकलस्वारांची जत्रा.

बेटाचा मधला भाग चढ-उताराचा आणि जंगलाचा आहे. एका गियरच्या सायकलने तिकडे जाऊ नका. किल्ल्याजवळच्या तीव्र उतारांवर उतरून सायकल हातात धरून चाला. इथे जोरात खाली आलं की समोर वळणावर घोडागाडी असते, आणि घोडागाडीला कायम पहिला मान. घोड्यांना ओलांडायचं तर डाव्या बाजूने, अंतर ठेवून, आवाज देऊन. घंटी कानाशी वाजवू नका. घोडा थांबला म्हणून त्याच्या मागच्या पायांजवळून घुसणं हा इथला सर्वांत मूर्ख अपघात. अंधारात चालवायला दिवा लागतो. भाड्याच्या सायकलीला तो आहे का ते बघा.

घोडागाडीची सहल दोन टप्प्यांची असते. गावातून दोन घोड्यांची गाडी सरे हिलपर्यंत आणि तिथून तीन घोड्यांची मोठी गाडी आर्च रॉक आणि किल्ल्याकडे. एकूण पावणेदोन तासांच्या आसपास. वडीलधाऱ्यांसाठी बेट पाहण्याचा हाच उत्तम मार्ग. पायरी उंच असते, गुडघे दुखणाऱ्यांना हात द्यावा लागतो, आणि व्हीलचेअर असेल तर आधी कळवून ठेवा. रांग सकाळी दहा ते एक या वेळात सर्वांत लांब. मुक्कामी माणसाने ती दिवसाच्या पहिल्या गाडीने करावी किंवा तीननंतर.

सगळ्यांना एक युक्ती सुचवतो. सहलीत किल्ल्याच्या वरच्या अंगाला उतरा, किल्ला पाहा आणि दक्षिणेच्या दरवाजाने उतारावरून चालत गावात या. बहुतेक लोक उलटं करतात. मार्क्वेट पार्कमधून तो चढ धापा टाकत चढतात आणि तिकीट खिडकीवर पोहोचेपर्यंत मुलं वैतागलेली असतात.

किल्ल्याचं तिकीट महाग वाटतं, पण ते गावातल्या इतर ऐतिहासिक इमारतींनाही चालतं, हे कोणी सांगत नाही. म्हणून सकाळीच काढा. ब्रिटिशांनी १७८० मध्ये इथे बांधकाम सुरू केलं, १७९६ मध्ये किल्ला अमेरिकेकडे आला, आणि जुलै १८१२ मध्ये ब्रिटिशांनी रात्रीत बेटाच्या मागच्या बाजूला उतरून, वरच्या टेकडीवर तोफ चढवून लढाई न करता परत घेतला. जिथे उतरले तेच ब्रिटिश लँडिंग, जिथे तोफ लावली तिथे आज फोर्ट होम्स. सकाळी सायकलवर पाहिलेली जागा किल्ल्यात उभं राहून डोक्यात नीट बसते. तोफ आणि बंदुकांची प्रात्यक्षिकं ठरावीक वेळी असतात, वेळापत्रक दारातच बघा. लहान बाळ असेल तर कान झाका. आतल्या टी रूममधून बंदर दिसतं, बाराच्या आत टेबल धरावं. त्याच तिकिटात डॉ. बोमाँट यांचं छोटं संग्रहालय येतं. १८२२ मध्ये इथल्या दुकानात बंदुकीचा बार लागून अलेक्सिस सेंट मार्टिनच्या पोटाला पडलेलं भोक कधी बुजलं नाही आणि त्यातून डॉक्टरांनी पचनाचे प्रयोग केले. दहा मिनिटांची जागा, पण मुलं हीच गोष्ट घरी जाऊन सांगतात.

खाणंपिणं

फज या गोड वडीबद्दल फार लिहिण्यात अर्थ नाही. संगमरवरी फरशीवर गरम मिश्रण ओतून, कालथ्याने उलथत लांब लादी करतात, ते बघायला पैसे पडत नाहीत. साधारण अर्ध्या पौंडाचा तुकडा चार जणांना पुरून उरतो. निघायच्या दिवशी घ्या, उन्हात पिशवीत घेऊन फिरू नका.

जेवणात सरोवरातला व्हाइटफिश हा इथला पदार्थ, मासे खाणाऱ्यांनी सोडू नये. शाकाहाऱ्यांची गाडी पिझ्झा, पास्ता, सॅलड यापलीकडे फारशी जात नाही. दोन रात्री निभतात. मेन स्ट्रीटवरचं डाउड्स हे १८८४ पासूनचं किराणा दुकान. ब्रेड, फळं, दही, दूध मिळतं, पण बोटीने आणि घोड्याने आलेल्या मालाचा दर लागतो. कोरडा खाऊ, चहा आणि मुलांचं नेहमीचं खाणं मुख्य भूमीवरून आणा. खोलीत इंडक्शन किंवा कुकर लावायचा विचारही नको: लाकडी इमारती आहेत, अलार्म लगेच वाजतो आणि दंड बसतो. रात्रीच्या जेवणाला आठनंतर गेलात तर ऑक्टोबरमध्ये अर्धी स्वयंपाकघरं बंद असतात.

बाकीचं

इथे पुळण नाही. किनारा गोट्यांचा आणि पाणी जुलैतही झोंबणारं. पोहायचं असेल तर तलाव असलेलं हॉटेल घ्या. भर उन्हाळ्यातही संध्याकाळी स्वेटर लागतो. उघड्या चपला नकोत, कारण सांगितलंच आहे. दवाखाना आहे, पण नेहमीची औषधं दोन दिवस जास्तीची बाळगा. वारा फार असला किंवा धुकं दाटलं तर बोटी थांबतात. परतीच्या दिवशीच विमान असेल तर मध्ये किमान पाच-सहा तास मोकळे ठेवा, किंवा शेवटची रात्र मुख्य भूमीवर काढा.

रात्री किती? दोन. एका रात्रीत एकच सकाळ मिळते आणि ती पावसात गेली तर हाती काही लागत नाही. तीन रात्री फक्त त्यांनी, ज्यांना पुस्तक घेऊन खुर्चीत बसायला जमतं.

परतीला सामान हॉटेलच्या पोर्टरकडे साधारण अकराच्या आत द्यावं लागतं. ते देताना तुमची गाडी मॅकिनॉ सिटीला आहे की सेंट इग्नसला, आणि तिकीट कोणत्या कंपनीचं, हे दोन्ही स्पष्ट सांगा. टॅग लागल्यावर स्वतः वाचून बघा. चुकीच्या बोटीत गेलेली बॅग सरोवराच्या दुसऱ्या काठावर उतरते आणि ती आणायला तुम्हाला पूल ओलांडून जावं लागतं, येताजाता प्रत्येकी ४ डॉलर टोल भरून.